पहारा : गर्भपातानंतर पुन्हा दिवस राहण्याची वाट पाहताना

पहिल्या भेटीला ती आली तेव्हा तिच्या पर्समध्ये प्रेग्नन्सीची तीन किट होती. दोन न फोडलेली, एक वापरलेलं, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेलं. वापरलेलं चार दिवसांपूर्वीचं होतं आणि त्यावर एकच रेघ होती. टाकून का दिलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "कधी कधी उशिराने दुसरी रेघ उमटते, मॅडम."

उमटते खरी. पट्टी वाळली की पुसट राखाडी रेघ दिसू शकते आणि तिला काही अर्थ नसतो. म्हणूनच ठरलेल्या मिनिटांनंतर निकाल वाचू नका, असं पाकिटावर छापलेलं असतं. हे तिला पाठ होतं. तरी रोज रात्री बाथरूमची कडी लावून, मोबाइलचा टॉर्च मारून ती ती पट्टी बघत होती.

मी ठाण्यात नौपाड्यात समुपदेशन करते. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तिला पाठवलं होतं, चिठ्ठीवर एकच ओळ होती : 'शरीराची अडचण नाही, झोप नाही.' वय ३२. लग्नाला चार वर्षं. घर घणसोलीत, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. नवरा ३५ वर्षांचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. घरी सासूबाई. तिचं नाव देत नाही आणि खोटं नावही देत नाही, कारण खोटं नाव वाचणारा हमखास ओळखीतल्या कुणाला तरी चिकटवतो. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. छापण्याआधी दोघांनी हे वाचलं आहे.

काय झालं होतं

आधीच्या डिसेंबरातली गोष्ट. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले होते. नवव्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. मधल्या काळात रक्त गेलं नव्हतं, पोटात दुखलं नव्हतं, सकाळची मळमळ तर वाढली होती. टेबलावर ती नवऱ्याशी जेवणाबद्दल काहीतरी बोलत होती. डॉक्टर प्रोब फिरवत होत्या. मग त्या बोलायच्या थांबल्या. तिच्या आठवणीत ती शांतता चार-पाच मिनिटांची आहे, नवरा म्हणतो मिनिटभरही नसेल. ठोके नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय साफ करणं, झालं. डिस्चार्ज कार्डावर निदान होतं 'मिस्ड अ‍ॅबॉर्शन'. गर्भाची वाढ थांबली पण शरीराने अजून ओळखलं नाही, याला डॉक्टरी भाषेत वर्षानुवर्षं हाच शब्द आहे. सासूबाईंनी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून कार्ड वाचून घेतलं आणि विचारलं, "अ‍ॅबॉर्शन केलंस? कुणाला विचारून?" गैरसमज दोन दिवसांत मिटला, पण वाक्य राहिलं. मराठीतही हीच पंचाईत आहे. आपोआप झालेला आणि करून घेतलेला, दोन्हींना आपल्याकडे 'गर्भपात' हाच शब्द. बायका म्हणून 'खाली झालं', 'राहिलं नाही' असं अर्धवट काहीतरी म्हणतात आणि विषय बदलतात.

पाचव्या दिवशी ती कामावर हजर. गर्भपात झाल्यास पुराव्यासह सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला माझ्या खोलीत, सहा महिन्यांनी कळलं. "मी चार सिक लीव्ह टाकल्या होत्या," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा चिडली. मला ते चिडणं आवडलं. तोवर तिचा सगळा राग फक्त स्वतःवर होता.

कारणांची यादी तिच्याकडे तयार होती. ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटाचा जिना. मावसबहिणीच्या हळदीत नाचले ते. ऑफिसातली क्लायंटची बोंबाबोंब. पपईची एक फोड, तीही शंकास्पद, कारण ती कलिंगडाची असावी असं नवऱ्याचं मत. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास प्रकरणांत गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते, ती गर्भधारणेच्या वेळीच पडलेली असते, जिन्याने पडत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली मांडलेला आकडाही तिला माहीत होता : जगात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात, मिनिटाला ४४. तिने तो रात्री तीन वाजता वाचला होता. रात्री तीनला वाचलेला आकडा दिलासा देत नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी इथे बसल्या बसल्या दोन हजार झाले."

काय चाललं होतं

मे महिन्याच्या एका चक्रात तिने अकरा किट वापरली. पहिलं ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यावर, सातव्या दिवशी, जेव्हा गर्भ राहिला असता तरी लघवीत सापडण्याइतकं एचसीजी, म्हणजे किट जे शोधतं ते गरोदरपणाचं संप्रेरक, बहुधा नसतंच. दिवसातून दहा-बारा वेळा ती टॉयलेट पेपर उजेडात धरून डाग शोधायची, त्यासाठी मीटिंगमधून उठायची. छाती दुखते का ते दाबून बघायची, इतकी की शेवटी दाबल्यामुळेच दुखायची. डॉक्टरांनी एकाच गर्भपातानंतर मोठ्या तपासण्यांची गरज नाही, दुसरा झाला तर बघू, असं सांगितल्यावर तिने परस्पर एका लॅबचं महागडं पॅकेज करून घेतलं. सगळं नॉर्मल आलं. तो निकाल तिला दोन दिवस पुरला.

अ‍ॅप दिवस राहण्याच्या शक्यतेचा म्हणून जो सांगेल त्या दिवशी संबंध, एरवी नाही. अ‍ॅपची सूचना दोघांच्या फोनवर यायची. त्या आठवड्यात नवऱ्याची ओव्हरटाइम वाढायची. हे तिने सांगितलं नाही, मी विचारल्यावर तारखा जुळवताना तिचं तिलाच दिसलं.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चिंतेची मोजपट्टी आहे, ० ते २१. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट बघावं लागतं. तिचे १६ आले. थायरॉइड वाढला तरी धडधड, घाम, झोपमोड असंच दिसतं, म्हणून टीएसएच बघून घेतलं, ते ठीक होतं. जीव नकोसा होतो का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाली, आणि तो 'नाही' मला खरा वाटला. तरी मनोविकारतज्ज्ञांचं मत घेतलं. त्यांनी सांगितलं की गरज पडली तर गरोदरपणातही देता येतील अशी औषधं आहेत, पण ती कामावर जाते आहे, जेवते आहे, सहा आठवडे बोलून बघू. रात्रीच्या तीनसाठी मी तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

अशी अवस्था तिच्या एकटीची नव्हे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी गर्भपात किंवा एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची) गर्भधारणा झालेल्या सुमारे साडेसहाशे बायकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. महिन्याभराने २९ टक्के जणींत आघातोत्तर ताणाची लक्षणं होती आणि २४ टक्के जणींत मध्यम ते तीव्र चिंता. नऊ महिन्यांनंतरही अनुक्रमे १८ आणि १७. म्हणजे घरचे विसरतात, वर्ष सरत येतं, तरी दर सहा जणींतली एक तिथेच असते.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत मी तिला सांगितलं, पाळी चुकेपर्यंत एकही किट नाही. पुस्तकात हे बरोबर आहे. तपासणी ही खाजेसारखी, खाजवलं की वीस मिनिटं बरं वाटतं आणि मग दुप्पट सुटते, असं मी तिला समजावलंही. ती मान हलवत राहिली. तिसऱ्या भेटीत म्हणाली, एकही केली नाही. चौथ्या भेटीत रडली. सहा केल्या होत्या. घरी सापडू नयेत म्हणून रबाळे स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणून ऑफिसात वापरल्या होत्या.

मी पहाऱ्यावरच्या माणसाला 'जा, झोप' म्हटलं होतं, तो कशासाठी जागतोय हे न विचारता. त्या भेटीत उरलेला तास मी एकच प्रश्न धरून बसले : तपासलं नाही तर काय होईल असं वाटतं?

खूप वेळाने तिने सांगितलं. "मागच्या वेळी मी लक्षच दिलं नाही. तो गेला तेव्हा मी कुठे होते ते मला माहीत नाही. कदाचित हळदीत नाचत असेन. आईला कळायला नको?"

तेव्हा मला किट, डाग, छाती, पॅकेज सगळं एका दोऱ्यात दिसलं. ती निकाल शोधत नव्हती, पहारा देत होती. या वेळी जे काही होईल ते तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. यात शिक्षाही होती, मागच्या वेळच्या बेसावध राहण्याची. बाळाला ती 'तो' म्हणत होती, मुलगा की मुलगी ठाऊक नसताना. ते मी तसंच राहू दिलं.

मग आम्ही मागचा डिसेंबर दिवसागणिक मांडला. वाढ थांबली साधारण साडेआठ आठवड्यांना, असं रिपोर्टावरची मापं सांगत होती. त्या दिवसांत शरीर काय सांगत होतं? मळमळ चालू. छाती जड. डाग नाही. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा दिवसभर तपासत बसले असते तरी सगळं बरोबर आहे असंच दिसलं असतं."

मी काही बोलले नाही.

"मग आता मी दाबून काय बघतेय?"

पुढच्या चक्रात किट दोनवर आली. कुठलीही बंदी न घालता.

'टेन्शन घेऊ नकोस'

हे वाक्य तिला सासूबाई, आई, नणंद, टीम लीडर, कळव्याची मावशी आणि वॉचमनची बायको, सगळ्यांनी ऐकवलं होतं. त्याला पुढची शेपटी असते : टेन्शन घेतलं की राहत नाही. बोलणाऱ्याला माया असते, पण ऐकणारीवर दुहेरी ओझं पडतं. आधी भीती होती, आता भीतीचीही भीती. रात्री जाग आली की तिच्या मनात पहिलं वाक्य यायचं, 'मी जागी आहे, म्हणजे या महिन्यातही मीच घालवणार.'

याचं उत्तर मी तिला गोड बोलून दिलं नाही, पुरावा दाखवून दिलं. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जॅकी बॉइविन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास एकत्र केले होते, वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या ३,५८३ स्त्रियांचे. उपचारांआधी कोण किती तणावात होती आणि कुणाला दिवस राहिले, यांचा संबंध सापडला नाही. तिची गोष्ट आयव्हीएफची नव्हती, हे मी तिला सांगितलं. पण ज्या बायकांच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ताण असतो, त्यांच्यातही घाबरलेलीला कमी आणि शांत असलेलीला जास्त, असं होत नसेल, तर घणसोलीच्या एका रात्रीच्या जागरणाने काय बिघडणार?

"म्हणजे घाबरले तरी चालेल?"

"चालेल."

ती हसली, मग बराच वेळ रडली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी शब्द तो 'चालेल' होता. त्या रात्री ती सलग पाच तास झोपली. त्याच्या पुढच्या रात्री पुन्हा तीन वाजले, तेही सांगते.

बाकीची साधनं साधी होती. चिंतेची वेळ ठरवली : संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर घरी जाण्याआधी स्टेशनच्या बाकावर वीस मिनिटं, वहीसकट. दिवसभरात मनात आलेलं एका शब्दात टिपायचं आणि बाकावर उलगडायचं. पावसाळ्यात बाक भिजलेला असायचा, तर ती उभी राहून लिहायची. तिसऱ्या आठवड्यापासून निम्मे शब्द बाकावर पोचेपर्यंत शिळे झालेले असायचे. 'पाठ' असं एका दिवशी लिहिलं होतं, पण पाठीचं काय ते आठवेना. अ‍ॅपच्या सूचना दोघांनी बंद केल्या. दोन-तीन दिवसांआड संबंध आले तर तारखा आपोआप जुळतात, हे डॉक्टरांकडून नवऱ्याच्या कानावर घातलं. फोलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी तेवढी तपासण्याच्या यादीत ठेवली. ती घेतली की खूण करायची. पहारा द्यायचाच असेल तर उपयोगाच्या दारावर द्यावा.

सासूबाई एकदाच आल्या. 'तुम्ही असं बोलू नका' हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी त्यांना विचारलं, तुमचं कधी असं झालं होतं का? दोनदा, म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी शेतावर गेल्या होत्या, कुणी काही विचारलं नाही. सून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

जुलै

बाळाची तारीख जुलैच्या मध्यावर होती. अशा तारखेला मन बिघडतं हे मला माहीत असतं, म्हणून मी आधी विचारून ठेवते. ती म्हणाली, कामात असेन, कळणार नाही. नवरा, जो तोवर खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून फक्त मान डोलवायचा, म्हणाला, "मी रजा टाकलीये."

त्याने बॅगेच्या आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. त्यात सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा छोटा कागद होता. असे कागद उन्हाने, उष्णतेने उडत जातात, त्यावरचं आता फारसं काही दिसत नव्हतं. सात महिने तो रोज वागळे इस्टेटला नेत होता. तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, त्याला काही वाटतच नाही. आणि त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, तू खंबीर राहा. तो खंबीर राहिला, ओव्हरटाइम करून.

त्या दिवशी दोघं ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला गेली. तिखट मागवली. तिने मला सांगितलं, "मी भरपूर रडले. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं, कुणी बघितलं नाही." नंतर ती दोघं तलावपाळीला तासभर बसली. कागदाचं काय करायचं यावर ठरलं नाही, तो पुन्हा बॅगेत गेला.

ऑगस्टमध्ये नणंदेचं डोहाळजेवण झालं, त्याला ती गेली नाही. डोकं दुखतं असं सांगितलं. मी तिला जाण्याचा आग्रह केला नव्हता. काही सहकारी म्हणतात की टाळल्याने भीती वाढते. वाढते, पण झोपाळ्यावर सजून बसलेल्या नणंदेची ओटी भरणं हा या घडीला कुणासाठी सराव आहे, हा प्रश्न मला पडतो.

दोन रेघा

ऑक्टोबरमध्ये पाळी चार दिवस चुकली. किट नवऱ्याने आणलं, एकच. दोन रेघा. तिने मला फोन केला तेव्हा आवाज सपाट होता. "आता काय करू?"

इथे घरच्यांची चूक होते. दिवस राहिले म्हणजे चिंता संपली, असं ते धरून चालतात. तिच्यासाठी ती इथून सुरू होणार होती, आणि मागच्या भेटींत आम्ही ते लिहून ठेवलं होतं. दर दोन दिवसांनी बीटा एचसीजीची रक्ततपासणी करायची का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त जात नसेल, दुखत नसेल तर नको, सातव्या आठवड्यात थेट सोनोग्राफी करू.

त्या सोनोग्राफीसाठी आम्ही एक भेट पूर्ण दिली. तिची भीती ठोके नसण्याची जितकी होती, तितकीच त्या शांततेची होती. म्हणून आधीच डॉक्टरांना एक विनंती कळवली : टेबलावर झोपल्यावर आधी ठोके आहेत की नाहीत ते सांगा, मापं मग घ्या. डॉक्टर लगेच हो म्हणाल्या. आधी कुणी मागितलं नव्हतं एवढंच. बातमी वाईट असेल तर कोण काय करेल हेही ठरवलं : त्याने फाइल घ्यायची, तिने काही सही करायची नाही, दोघांनी रिक्षाने आधी घरी जायचं, निर्णय दुसऱ्या दिवशी. गर्भलिंग निदान बंदी कायद्याचा फॉर्म भरताना तिचा हात थरथरत होता. तिचं नाव त्याने भरलं, सही तिने केली.

ठोके होते. डॉक्टरांनी पहिल्या दहा सेकंदांत सांगितलं. ती हसली नाही, रडलीही नाही. बाहेर येऊन म्हणाली, "मागच्या वेळीही सातव्या आठवड्यात होते." मी त्यावर वाद घातला नाही. खरंच होते.

साडेआठ ते दहा आठवडे हा सगळ्यात वाईट काळ गेला. जीएडी-७ जूनमध्ये १६ होतं, सप्टेंबरात ८ पर्यंत उतरलं होतं, आता पुन्हा १४. बाकावरची वही रोज भरायची. टॉयलेट पेपर पुन्हा उजेडात गेला, दिवसातून पाच-सहा वेळा. एका पहाटे तिने १४४१६ ला फोन केला, बारा मिनिटं बोलली आणि झोपली. पलीकडची बाई काय बोलली ते तिला आठवत नाही, "पण ती घाईत नव्हती".

डिसेंबरच्या मध्यावर ती तेरा आठवड्यांची होऊन आली. गुण ९. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी ठीक होती. सासूबाईंनी चाळीत कुणाला सांगितलेलं नाही. या वेळी दृष्टीच्या भीतीने नव्हे, सुनेने 'अजून नको' म्हटलं म्हणून. पर्समध्ये किट नव्हतं. डाग अजून बघते, दिवसातून दोनदा, आणि ते बंद करायचं आम्ही ठरवलेलं नाही. पुढची सोनोग्राफी विसाव्या आठवड्याच्या सुमारास आहे, तिच्या आधी तिची एक भेट.

त्याआधी, पुढच्या गुरुवारी, सहा वाजताची वेळ त्याने मागितली आहे. एकट्यासाठी.